चार ऋतूंची बेगमी

इंडियानात येऊन मला आता बरीच वर्षं झाली, पण पुण्याहून मावशीचा फोन आला की एक प्रश्न ठरलेला असतो. "काय रे, तुमच्याकडे लाईट जाते का?"

जाते की. वादळात एखादं झाड तारेवर आडवं होतं आणि तास-दोन तास सगळी गल्ली अंधारात बसते. पण वीज कमी पडली म्हणून, वार आणि वेळ ठरवून, आज या पेठेची उद्या त्या पेठेची, अशी जात नाही. का जात नाही हे मावशीला फोनवर सांगायला गेलो की ती म्हणते, "बरं बरं, जेवलास का?" म्हणून हे लिहायला घेतलंय. मावशी, वाचून झाल्यावर फोन कर.

माझं आजोळ कोकणात. तिथे पावसाआधी आगोटीची बेगमी असायची. मे महिना संपत आला की आजी हिशेबाला बसायची. तांदूळ किती, मीठ किती, आमसुलं, चिंच, सुकी मासळी, लाकडं, गुरांना पेंढा. घरात माणसं इतकी, पाऊस इतके महिने, आणि वर थोडं जास्तीचं. हे जास्तीचं किती धरायचं यात सगळी गोम होती. कमी धरलं तर श्रावणात शेजारी वाटी घेऊन जायची वेळ, जास्त धरलं तर तांदळाला पोरकिडे.

विजेची बेगमी तशीच, फक्त जास्त अवघड. वीज फारशी साठवता येत नाही. हल्ली मोठ्या बॅटऱ्या आल्यात, पण त्या चार-चार तासांच्या. त्यामुळे साठवायची ती वीज नव्हे, वीज बनवणारी यंत्रं. सगळ्यांत जास्त मागणीच्या तासाला पुरतील एवढी, आणि वर थोडी जास्तीची. हे 'थोडी जास्तीची' कसं ठरत गेलं, आणि ते वर्षाला एकदा ठरवायचं सोडून ऋतूऋतूला का ठरवावं लागलं, याचा इतिहास मला फार रंजक वाटतो. आमच्या घरात असं वाटणारा मी एकटाच :)

सुरुवात शिकागोपासून करू. १८९२ साली सॅम्युअल इन्सुल नावाचा एक इंग्रज तिथल्या लहानशा वीज कंपनीचा अध्यक्ष झाला. आधी तो एडिसनचा सेक्रेटरी होता. तेव्हा वीज म्हणजे मुख्यतः दिवे. त्यामुळे मागणीचा कळस कधी? डिसेंबरच्या संध्याकाळी. सूर्य साडेचारला मावळणार, दुकानं उघडी, कचेऱ्या सुटायच्या आहेत, घरी दिवे लागलेत. त्या दोन-तीन तासांसाठी घेतलेली महागडी यंत्रं उन्हाळ्यात नुसती उभी. इन्सुलच्या डोक्यात सारखं हेच, की उभ्या यंत्राचं व्याज चालूच असतं. मग त्याने उन्हाळ्यात वीज खाणारी गिऱ्हाइकं शोधली. बर्फाचे कारखाने! तेव्हा घरोघरी फ्रिज नव्हते, बर्फाच्या लाद्या विकत घ्यायच्या, आणि त्या लागायच्या उन्हाळ्यात. हिवाळ्यातल्या कळसाच्या वेळी वीज घेणार नाही असं कबूल करणाऱ्या कारखान्याला तो स्वस्तात वीज द्यायचा. दिव्यांचा हिवाळा आणि बर्फाचा उन्हाळा एकाच यंत्रावर. पुढे १९३२ साली त्याचं साम्राज्य कोसळलं, ती कहाणी वेगळी. पण मागणीला ऋतू असतात हे या धंद्यातल्या माणसांना शंभर वर्षांपूर्वीही पक्कं ठाऊक होतं, एवढं ध्यानात ठेवा.

मग एसी आला. विलिस कॅरियरने पहिलं यंत्र १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी केलं. दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत, म्हणून. माणसांना गार वाटावं हा हेतू नव्हताच. घरांच्या खिडक्यांत एसी बसायला लागले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि पन्नास-साठच्या दशकांत एकेका कंपनीचा कळस डिसेंबरच्या संध्याकाळवरून जुलै-ऑगस्टच्या दुपारवर सरकला. नियोजन करणाऱ्यांची एक अख्खी पिढी मग उन्हाळ्यावर नजर ठेवून वाढली. जुलै निभावला की वर्ष निभावलं. आणि यंत्रांची दुरुस्ती? ती वसंतात आणि शरदात. तेव्हा ना एसी ना हीटर, मागणी कमी. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात केंद्रं एकामागून एक बंद करून उघडायची, साफ करायची, जुलैआधी परत जोडायची. ही सवय पुढे महागात पडायची आहे.

आता 'जास्तीचं किती' या प्रश्नाकडे. आधी ढोबळ नियम असायचे. सगळ्यांत मोठं एक यंत्र बंद पडलं तरी निभावलं पाहिजे, किंवा मागणीवर सरसकट इतके टक्के. १९४७ साली ज्युसेप्पे कालाब्रेसे नावाच्या इंजिनिअरने अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात एक लेख लिहिला, राखीव यंत्रं किती हवीत ते संभाव्यतेने काढायचं, असा. कल्पना साधी आहे. समजा एक यंत्र शंभरातले पाच दिवस अचानक आजारी असतं. मग दोन ठरावीक यंत्रं एकाच दिवशी आजारी असण्याची शक्यता पाच टक्क्यांचे पाच टक्के, म्हणजे ४०० दिवसांत एकदा. तिन्ही एकदम? ८,००० दिवसांत एकदा, जवळजवळ बावीस वर्षांतून. शंभर यंत्रांचा असा तक्ता मांडायचा, दुसऱ्या बाजूला वर्षाच्या प्रत्येक दिवसाची सर्वोच्च मागणी मांडायची, आणि किती दिवस तोटा येईल ते बेरजेने काढायचं.

तोटा कितपत चालेल? दहा वर्षांत एक दिवस. हा आकडा धंद्यात रुळत गेला आणि मग सगळ्यांचा झाला. त्यामागे खर्च किती आणि फायदा किती असं गणित मांडलेलं नव्हतं. तरी उत्तर अमेरिकेतली बहुतेक नियोजनं आजही त्याच खुंटीला बांधलेली आहेत. (मावशी, झाड पडून गेलेली लाईट यात धरत नाहीत. ती गल्लीतल्या तारांची गोष्ट. हा हिशेब फक्त यंत्रं अपुरी पडण्याचा.)

मात्र कालाब्रेसेच्या गुणाकारात एक गृहीतक आहे आणि माझ्या मते पुढचा सगळा इतिहास त्या गृहीतकाचा आहे. पाच टक्क्यांचे पाच टक्के हे गणित तेव्हाच बरोबर, जेव्हा प्रत्येक यंत्र आपापल्या कारणाने आजारी पडतं. इथे एक नळी फुटली, तिथे एक बेअरिंग गेलं. एकाच्या आजाराचा दुसऱ्याशी संबंध नाही. साथ आली तर काय, हे त्यात नाही.

मधल्या काळात दोन मोठे अंधार झाले, पण त्यांचा रोख दुसरीकडे होता. ९ नोव्हेंबर १९६५ला संध्याकाळी ५ वाजून १६ मिनिटांनी नायगाराजवळच्या एका कॅनेडियन वीज केंद्रात एक रिले सुटला आणि काही मिनिटांत न्यूयॉर्क-बोस्टनसकट सुमारे तीन कोटी माणसं अंधारात गेली. यंत्रं कमी नव्हती, तारांवर भार चढला होता. त्यातून १९६८ साली विश्वासार्हतेसाठी देशपातळीची एक परिषद निघाली, तिला सगळे नर्क म्हणतात. (इंग्रजी आद्याक्षरांमुळे. आपल्याला उगीच हसू येतं.) दुसरा अंधार १४ ऑगस्ट २००३चा, ओहायोतल्या झाडांना टेकलेल्या तारांचा आणि कंट्रोल रूममधल्या बंद पडलेल्या धोक्याच्या घंटेचा. पाच कोटी माणसं. त्यानंतर २००५च्या कायद्याने तोवर स्वेच्छेचे असलेले नियम सक्तीचे झाले. पण राखीव यंत्रं किती हवीत हे ठरवणं मुख्यतः राज्यांकडे आणि प्रादेशिक संस्थांकडेच राहिलं.

आमच्या भागातली प्रादेशिक संस्था म्हणजे मायसो. इंडियानापोलिसला लागून असलेल्या कार्मेल गावात तिचं मुख्यालय आहे. मिनेसोटापासून लुइझियानापर्यंत १५ राज्यांचे कमीअधिक भाग आणि कॅनडाचा मॅनिटोबा प्रांत, एवढा तिचा पसारा. स्वतःचं एकही वीज केंद्र नाही, एकही खांब नाही. कुणाचं यंत्र आता चालवायचं हे ती दर पाच मिनिटांनी ठरवते, आणि वीज पुरवणाऱ्या कंपन्यांना आधीच बजावते की एवढी क्षमता स्वतःची दाखवा, नाहीतर लिलावात विकत घ्या. लिलावाचं वर्ष १ जूनला सुरू होतं. आपल्या आगोटीसारखंच की! पण इथे जून म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात.

२०२३च्या मे महिन्यापर्यंत ही बेगमी वर्षाला एकदाच होती. उन्हाळ्यातला कळस धरायचा, त्यावर ठरलेले टक्के वाढवायचे. २०२२-२३साठी ते ८.७ टक्के होते. उन्हाळ्याला पुरलं म्हणजे बाकी ऋतूंना पुरणारच, असा त्यामागचा विचार. आकडे पाहिले तर तो वेडगळ वाटत नाही. मायसोची उन्हाळ्यातली सर्वोच्च मागणी जुलै २०११ची, सुमारे १,२७,००० मेगावॅट. आपली कोयना १,९६० मेगावॅटची, म्हणजे साधारण पासष्ट कोयना. हिवाळ्यातली सर्वोच्च ६ जानेवारी २०१४ची, सुमारे १,०९,००० मेगावॅट. मध्ये १८,००० मेगावॅटचं अंतर. एवढी मोकळी जागा असताना हिवाळ्याची काळजी कोण करणार?

काळजी करायला लावली थंडीने, आणि तिने इशारे बरेच आधी दिले होते. १९ जानेवारी १९९४ला पूर्वेकडच्या पीजेएम या जाळ्यात पाळीपाळीने वीज बंद करावी लागली आणि वॉशिंग्टनमधल्या सरकारी कचेऱ्यांना सुट्टी द्यावी लागली. मग ७ जानेवारी २०१४. उत्तर ध्रुवावरची थंड हवा खाली घसरली आणि पीजेएममधली २२ टक्के क्षमता, ४०,००० मेगावॅटहून जास्त, ऐन वेळी हजर नव्हती.

हे कसं होतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथे कालाब्रेसेचा गुणाकार मोडतो. कोळशाचा ढीग ओला असतो, रात्रीत गोठून दगड होतो. वाफेचा दाब मोजणाऱ्या बोटभर जाडीच्या नळीत पाणी गोठतं, मापक चुकीचा आकडा दाखवतो आणि यंत्र स्वतःहून बंद होतं. पवनचक्कीचं ठरावीक तापमानाखाली तसंच. आणि गॅस! गॅसच्या विहिरींची तोंडंच गोठतात. जो येतो तो आधी घरांच्या भट्ट्यांना जातो, कारण बहुतेक घरं गॅसवर तापतात आणि त्यांचा करार पक्का असतो. वीज केंद्रांनी पैसे वाचवायला कच्चा करार घेतलेला असतो, उरला तर गॅस मिळेल असा. त्या रात्री उरत नाही. म्हणजे थंडी एकाच वेळी मागणी वाढवते, यंत्रं पाडते आणि इंधन अडवते. शंभर यंत्रं शंभर वेगळ्या कारणांनी आजारी पडत नाहीत, सगळ्यांना एकाच रात्री एकच साथ येते. मग बावीस वर्षांतून एकदा होणारी गोष्ट चार वर्षांत दोनदा होते आणि गणित करणारा चक्रावतो.

मायसोच्या दक्षिण भागात ते १७ जानेवारी २०१८ला झालं. आर्कान्सा, लुइझियाना, मिसिसिपी ही उन्हाळ्याची राज्यं. तिथली केंद्रं उघड्यावर बांधलेली असतात, भिंती नाहीत, उष्णता निघून जावी म्हणून. त्या भागात आणि शेजारी पाच दिवसांत १८३ यंत्रं बंद तरी पडली, कमी तरी चालली, नाहीतर सुरूच झाली नाहीत. लोकांची वीज तोडायची वेळ थोडक्यात टळली. त्याच सुमारास मायसोत आणीबाणीच्या सूचना वारंवार निघू लागल्या होत्या आणि त्यातल्या कितीतरी उन्हाळ्याबाहेरच्या. कधी एप्रिलमध्ये अचानक ऊन तापलं आणि निम्मी केंद्रं दुरुस्तीला उघडलेली. कधी सप्टेंबर लांबला. त्यातच जुनी कोळशाची केंद्रं भराभर बंद होत होती, म्हणजे हिवाळ्यातली ती मोकळी जागाही आटत होती.

आणि मग टेक्सास, फेब्रुवारी २०२१. टेक्सासचं जाळं बरंचसं स्वतंत्र आहे, मायसोत नाही, आणि तिथे क्षमतेची सक्तीही नाही. पण तिथली संस्था दर ऋतूआधी अंदाजाचा तक्ता काढत असे. त्या हिवाळ्याच्या तक्त्यात मागणीचा नेहमीचा अंदाज होता ५७,६९९ मेगावॅट, अगदी वाईट थंडीचा ६७,२०८. यंत्रं बंद पडण्याचा सर्वांत वाईट अंदाज होता सुमारे १४,००० मेगावॅट. प्रत्यक्षात वीज तोडली नसती तर मागणी जवळजवळ ७७,००० वर गेली असती, असं नंतर त्यांनीच काढलं. आणि बंद यंत्रं होती सुमारे ५२,०००, म्हणजे जवळजवळ निम्मी. १५ फेब्रुवारीच्या पहाटे दोनच्या सुमारास जाळ्याची वारंवारिता ६० वरून ५९.३ वर घसरली. ५९.४ च्या खाली ती चार मिनिटं तेवीस सेकंद होती, नऊ मिनिटं राहिली असती तर उरलेली यंत्रंही सुटली असती आणि सगळं राज्य कित्येक दिवस, कदाचित आठवडे, अंधारात गेलं असतं. ते टाळायला २०,००० मेगावॅटची मागणी तोडली. दहा कोयना. पाळीपाळीने तोडायची असं ठरलं होतं, पण पाळी फिरवायला वीजच नव्हती. ज्यांची गेली त्यांची दिवसच्या दिवस गेली.

राज्य सरकारच्या मोजणीनुसार २४६ माणसं गेली. त्यांतली दोन तृतीयांशांच्या आसपास थंडीने. आपल्या घरात, आपल्या अंथरुणात. काहीजण बंद गाडीत शेगडी किंवा इंजिन चालवून ऊब घेताना विषारी वायूने गेले. तक्त्यातला तो १४,०००चा रकाना मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. त्यात खोटेपणा नाही. मागच्या काही हिवाळ्यांत जे झालं त्यावरूनच तो काढलेला होता. पण २ फेब्रुवारी २०११ला याच टेक्सासात थंडीनेच ४,००० मेगावॅट तोडावे लागले होते. त्यावर केंद्रीय अहवाल आला होता, यंत्रांना थंडीचे कपडे घाला असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं, आणि ते सक्तीचं कुणी केलं नव्हतं. हे मला माफ करण्यासारखं वाटत नाही.

त्याच आठवड्यात, १६ फेब्रुवारीला, मायसोलाही दक्षिणेत सुमारे ७०० मेगावॅट तोडावे लागले. त्याआधीपासून चालू असलेल्या चर्चेला मग धार आली. नोव्हेंबर २०२१मध्ये मायसोने केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगापुढे अर्ज केला की वर्षाचा एक आकडा आता पुरे, चार ऋतूंचे चार आकडे काढू. ३१ ऑगस्ट २०२२ला मंजुरी मिळाली आणि २०२३ साली पहिल्यांदा चार बेगम्या भरल्या. उन्हाळा जून ते ऑगस्ट, शरद सप्टेंबर ते नोव्हेंबर, हिवाळा डिसेंबर ते फेब्रुवारी, वसंत मार्च ते मे.

दहा वर्षांत एक दिवस ही खुंटी तशीच ठेवली, म्हणजे वर्षाला ०.१ दिवस. गणित करताना ज्या ऋतूत धोका जवळजवळ शून्य निघतो, त्याच्याही नावावर ०.०१ दिवस एवढा धोका धरायचा आणि त्यावरून त्याचा आकडा काढायचा. कुठलाच ऋतू हिशेबाबाहेर राहत नाही. पहिल्या वर्षीचे टक्के असे निघाले: उन्हाळा ७.४, शरद १४.९, हिवाळा २५.५, वसंत २४.५.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलोच. मागणी सगळ्यांत कमी असलेल्या वसंतात राखीव उन्हाळ्याच्या तिपटीहून जास्त? पण बरोबर आहे. जुलैत ऊन पडणार हे ठाऊक असतं, सगळी यंत्रं दुरुस्त होऊन उभी असतात, मागणीचा कळस फार इकडेतिकडे होत नाही. वसंतात आणि हिवाळ्यात काय होईल ते सांगता येत नाही. जास्तीचं धरायचं ते अनिश्चिततेसाठी. आजीही भाताच्या वर्षाला तांदूळ जास्तीचा धरत नसे, लाकडं मात्र कायम जास्त भरून ठेवायची, कारण पाऊस किती दिवस सलग पडेल याचा नेम नाही. ढोबळ हिशेब करून बघा. उन्हाळ्याचा कळस १०० धरला तर हवेत १०७.४. हिवाळ्याचा कळस ८५ धरला, तरी त्यावर २५.५ टक्के म्हणजे १०६.७. जवळजवळ तेवढंच! मध्ये दिसत होती ती मोकळी जागा मुळात मोकळी नव्हतीच.

दुसरा बदल यंत्रांच्या हजेरीचा. आधी यंत्राला वर्षभराचे एकच गुण मिळत. आता ऋतूनुसार मिळतात, आणि मागच्या तीन वर्षांत त्या ऋतूतल्या सगळ्यांत अडचणीच्या तासांना, ऋतूतले साधारण ६५ तास, ते यंत्र हजर होतं का यावर त्याची बरीचशी किंमत ठरते. चांगल्या दिवसांत चालणाऱ्याला फारसे गुण नाहीत. शिवाय एका ऋतूत ३१ दिवसांपेक्षा जास्त दुरुस्ती काढली तर बदली यंत्र द्या, नाहीतर दंड भरा. वसंतात सगळ्यांनी एकदम दुकान बंद करायची ती जुनी सवय इथे अडवली.

यावर कुरकुर पुष्कळ झाली आणि तिच्यात तथ्य नाही असं नाही. दुरुस्ती ढकलत नेली तर यंत्र जुलैत पडेल, त्याचं काय? मला स्वतःला खटकतात ती तीन वर्षं. वीस वर्षांतून एकदा येणारी थंडी तीन वर्षांच्या खिडकीतून क्वचितच दिसते. २०२२च्या नाताळाआधीची आम्हाला दिसली. इंडियानापोलिसला उणे वीसच्या खाली पारा होता, वारा वेगळा. दक्षिणेकडच्या टेनेसी खोऱ्यातल्या सरकारी वीज मंडळाला जवळजवळ नव्वद वर्षांत पहिल्यांदा पाळीपाळीने वीज तोडावी लागली. पीजेएममध्ये पुन्हा २४ टक्के क्षमता गैरहजर. मायसोत लोकांची वीज तोडावी लागली नाही. त्या रात्री मी घरात एकेका खोलीतले हीटर मोजत होतो आणि बायको म्हणत होती, मोजून वीज वाढणार आहे का?

पैशांचंही बोलायला हवं, कारण बेगमी फुकट होत नाही. पहिल्या ऋतूवार लिलावात भाव अगदी किरकोळ निघाले, मेगावॅटमागे दिवसाला उन्हाळ्यात १० डॉलर, हिवाळ्यात २. लोक म्हणाले, एवढा उपद्व्याप कशाला? पुढच्याच वर्षी मिसुरीत शरद आणि वसंत या दोन ऋतूंचा भाव ७१९.८१ डॉलर निघाला, आणि उन्हाळ्याचा फक्त ३०. म्हणजे तुटवडा होता तो नेमका ज्या दोन ऋतूंकडे कुणी बघत नव्हतं तिथे. तिथलं रश आयलंड हे कोळशाचं मोठं केंद्र २०२४च्या ऑक्टोबरात बंद झालं. जुन्या वार्षिक पद्धतीत ही टंचाई उन्हाळ्याच्या आकड्याखाली झाकून गेली असती. २०२५ साली लिलावाची पद्धत बदलली आणि उन्हाळ्याचा भाव सगळीकडे ६६६.५० डॉलरवर गेला. ते पैसे शेवटी बिलातच येतात. आमच्याही आले.

आपल्याकडेही हे वारं आता पोचलं आहे. २०२३च्या जूनमध्ये केंद्रीय वीज मंत्रालयाने अशाच बेगमीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. भारताची खुंटी वेगळी आहे. राष्ट्रीय वीज योजनेत तोट्याची शक्यता ०.२ टक्के धरतात, म्हणजे वर्षातले साडेसतरा तास. आणि ऋतू तर वेगळेच. महाराष्ट्रात शेतीपंपांची मागणी पाऊस उघडल्यावर येते आणि ऑक्टोबरच्या उकाड्याला भिडते, कोयनेचं पश्चिमेकडे सोडायचं पाणी ६७.५ टीएमसीवर बांधलेलं असतं आणि ते पुढच्या पावसापर्यंत पुरवून वापरायचं असतं. इथलं कोष्टक तिथे चालणार नाही, तिथल्यांनी ते तिथल्या ऋतूंवर मांडायला हवं.

इकडे चार आकडे काढूनही सगळं सुटलेलं नाही. २५ मे २०२५, रविवार, न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात मायसोच्या हुकमाने सुमारे ६०० मेगावॅट तोडले, एक लाखाच्या आसपास ग्राहकांची वीज काही तास गेली. महिना मे, हिशेबाने वसंत, पण ऊन उन्हाळ्याचं. भागातली काही यंत्रं बंद, त्यातलं एक अणुकेंद्र अचानक, आणि बाहेरून वीज आणायच्या तारा अपुऱ्या. एकूण मायसोत यंत्रं पुरेशी होती. बेगमी कोठारात होती, वाटेत ओढ्याला पूर होता.

आता पुढची पायरी ठरली आहे. २०२४च्या ऑक्टोबरात आयोगाने गुण देण्याची नवी पद्धत मान्य केली. २०२८-२९ पासून मागच्या हजेरीला जोडून, भविष्यातल्या कल्पित तोट्याच्या तासांना यंत्र किती उपयोगी पडेल हेही पाहिलं जाईल. त्यात सौरऊर्जेचे हिवाळ्यातले गुण जवळजवळ शून्यावर येतात, कारण हिवाळ्यातला वाईट तास सकाळी उजाडण्याआधी किंवा दिवेलागणीनंतर येतो. म्हणजे इन्सुलचा डिसेंबर परत आला म्हणायचा. त्याच्या वेळी दिवे होते, आता घरं तापवणारे पंप आणि दिवसरात्र चालणारी डेटा सेंटर्स आहेत, आणि बर्फाच्या कारखान्यासारखं हिवाळ्यात कबुलीने गप्प बसणारं गिऱ्हाईक पुन्हा शोधलं जातंय. या डेटा सेंटरवाल्यांना विचारणं चालू आहे की वर्षातले थोडे तास थांबाल का. त्यांतले काही हो म्हणाले आहेत.